म्हाताऱ्या मांजराला नवीन औषध सोसत नाहीये? आधी घड्याळ बघा

आमची ठकी १४ वर्षांची. मागच्या वर्षी ती खा खा खायला लागली आणि तरी वाळतच चालली, म्हणजे सव्वाचार किलोची मांजर ३ किलो १०० वर आली, पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यायचे, आणि रात्री ३ वाजता पॅसेजमध्ये उभी राहून गळा काढायची. रक्त तपासलं तर थायरॉइड वाढलेलं निघालं, वय झालेल्या मांजरांत हे खूप कॉमन आहे, आणि मेथिमाझोल सुरू झालं. सोमवारी रात्री पहिली गोळी. गुरुवारी दुपारी बाई फ्रीजच्या मागे जाऊन बसल्या, बांगड्याचा तुकडा नाकापाशी धरला तरी तोंड फिरवलं.

त्या दिवशी मी काय करायला हवं होतं आणि काय केलं यात बराच फरक आहे. मी काय केलं, तर "कोर्स अर्धवट सोडायचा नसतो" असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं, म्हणून रात्री ९ ला जबडा उघडून गोळी टाकलीच. ११ ला पिवळी उलटी, पहाटे ४ ला परत. तर ज्यांच्या घरी पहिल्यांदाच म्हाताऱ्या मांजराला रोजची गोळी सुरू झालीय त्यांच्यासाठी, मी शिकले ते क्रमाने लिहितेय.

१) आधी मांजराकडे नीट बघा

पुढच्यापैकी एक जरी दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा: तोंड उघडं टाकून धापा टाकतंय, फिट आली, उठवत नाहीये, चेहरा किंवा पंजे सुजले, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर किंवा चॉकलेटी दिसतायत, मागचे पाय अचानक लुळे पडले आणि हाताला गार लागतायत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन भिंतीला धडकतंय, वाळूत बसून जोर करतंय पण थेंब येत नाही (बोक्यांमध्ये तर हे फारच गंभीर).

हिरड्या बघायला ओठाचा कोपरा नुसता वर उचला, अख्खं तोंड उघडायची गरज नाही. गुलाबी आणि ओल्या असतील तर ठीक. बोट चिकटत असेल तर अंगात पाणी कमी पडलंय. बरेच जण मानेची कातडी चिमटीत धरून बघतात, पण म्हाताऱ्या मांजराची कातडी तशीही सैल झालेली असते, त्यावरून फसायला होतं, हिरडीवर जास्त विश्वास ठेवा. हिरड्या, कानाची आतली बाजू किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर लिव्हरचं काहीतरी असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर.

श्वास मोजायचा तो गाढ झोपलेलं असताना. छाती वर-खाली झाली की एक, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. ३० च्या आत असायला हवा. गुरगुरत असेल तर मोजू नका, काही कळत नाही.

आणि रात्रीअपरात्री कुठे न्यायचं हे औषध सुरू केलं त्याच दिवशी ठरवून ठेवा. मुंबईत टॅक्सीवाल्याला नुसतं "बैलघोडा" (जनावरांचं जुनं हॉस्पिटल) म्हटलं तरी तो परळला नेऊन सोडतो, पण तुम्ही जिथे जाणार तिथे त्या वेळी कोण असतं हे आधी फोन करून विचारलेलं बरं. आमच्याकडे तो नंबर फ्रीजवर चिकटवलाय, मोबाइलमध्ये असतो तो नेमका ऐन वेळी सापडत नाही.

२) पुढचा डोस थांबवा आणि लगेच फोन करा

कोर्स पूर्ण करायचा हा नियम अँटिबायोटिकचा आहे, आणि तिथेही मांजर उलट्या करत असेल तर आधी विचारायचं. थायरॉइडची गोळी एक-दोन वेळा चुकली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण सगळ्या औषधांचं असं नसतं. फिट्सची गोळी, बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड, ही अचानक बंद केली तर जास्त महागात पडतं, इन्सुलिनचाही निर्णय आपल्या मनाने घ्यायचा नाही, त्यामुळे यात थांबवायच्या आधी फोन. आणि उलटीत गोळी पडली असेल तर "गेली की वाया" म्हणून दुसरी देऊ नका, किती पोटात राहिली हे आपल्याला दिसत नाही.

३) स्ट्रिप हातात घ्या आणि मोठ्याने वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, मीपण गाळली. आपल्याकडे मांजरांची बरीचशी औषधं माणसांच्याच दुकानातून येतात, गोळी माणसाच्या मापाची असते आणि आपण तिचे अर्धे, पाव तुकडे करत बसतो. ठकीच्या चिठ्ठीवर ५ एमजीची अर्धी गोळी दिवसातून दोनदा, म्हणजे एका वेळी अडीच. केमिस्टकडे ५ ची संपली असेल बहुतेक, त्याने १० ची दिली, नाव तेच, मी बघितलंच नाही, आणि अर्धी म्हणजे अर्धी म्हणून देत राहिले. म्हणजे रोज दुप्पट. हे मला नाही, स्ट्रिपचा फोटो बघून डॉक्टरांना कळलं.

तेव्हा वाचायचं काय: नाव, एमजी, एक्सपायरी, आणि चिठ्ठीवर एमजी लिहिलंय की एमएल. पातळ औषध असेल तर सिरिंजवरची रेघ परत एकदा बघा, अर्धा एमएल आणि ५ एमएल यात फक्त एक टिंब असतं. इन्सुलिनवाल्यांनी तर जास्तच, आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात, सिरिंजही वेगळ्या असतात, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी, आणि बाटली एकाची नि सिरिंज दुसऱ्याची झाली की डोस अडीच पट इकडे किंवा तिकडे. असं होऊन मांजर झोकांड्या खायला लागलं तर हिरडीला मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि तसंच घेऊन पळा.

केमिस्ट "हेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणाला तरी रसायनाचं नाव जुळतंय का बघा. मेथिमाझोलच्या ऐवजी कार्बिमाझोल दिलं तर तेही अंगात गेल्यावर मेथिमाझोलच होतं, पण एमजीला एमजी सारखं नाही, ५ एमजी कार्बिमाझोल म्हणजे साधारण ३ एमजी मेथिमाझोल. हा हिशोब काउंटरवर उभं राहून करायचा नसतो, डॉक्टरांना करू द्या.

४) आता घड्याळ

"औषध सोसलं नाही" हे वाक्य डॉक्टरांच्या फारसं कामाचं नाही. गोळी किती वाजता दिली आणि कधी काय झालं, हे कामाचं. एकच लक्षण वेळेप्रमाणे वेगळं असतं.

गोळी तोंडात गेल्यावर मिनिटाभरात तोंडातून फेस, लाळेच्या तारा, डोकं झटकणं, घरभर पळापळ. बघून जीव जातो पण हे बहुतेक वेळा नुसतं कडू लागलेलं असतं. जुलाबावर देतात ते मेट्रोनिडाझोल यात बदनाम आहे, ती गोळी जिभेवर फुटली की साबण खाल्ल्यासारखा फेस येतो. पाच-दहा मिनिटांत ओसरतो. थोडं पाणी किंवा ओलं खाणं पुढे करा.

पहिल्या तासाभरात चेहरा सुजणं, अंग खाजवत सुटणं, श्वासाला त्रास, एकदम उलटी-जुलाब होऊन गळून पडणं: ही ॲलर्जी, इथे वाट बघायची नाही.

दोन-तीन तासांनी झोकांड्या, कपाटावर उडी मारताना अंदाज चुकणं, गुंगी. दुखण्यावर देतात त्या गॅबापेंटिनने असं होतं आणि किडनी थकलेल्या म्हाताऱ्या मांजरात ते जास्त वेळ टिकतं, कारण ते औषध बाहेर काढायचं काम किडनीचं. उंच जागा बंद करा, फोन करा, डोस कमी करून मिळतो. भुकेसाठी देतात त्या मिर्टाझापिनने उलट होतं, डोस जास्त झाला की मांजर अस्वस्थ, येरझारा, सारखी म्यॅव म्यॅव.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उलटी, खाणं बंद, मलूल: मेथिमाझोलचा नेहमीचा त्रास हाच आणि तो सहसा पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. डोस उतरवला की बऱ्याच मांजरांना परत सोसतं. पण औषध वेदना कमी करायचं असेल, मेलॉक्सिकॅमसारखं, तर उलटी किंवा काळी शी दिसल्याबरोबर बंद करून फोन. अमेरिकेत एफडीएने (तिथलं औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) २०१० मध्ये या औषधाच्या पाकिटावर ठळक इशाराच छापायला लावला, की मांजराला पुन्हा पुन्हा दिलं तर किडनी निकामी होऊन जीव जाऊ शकतो. काही देशांत ते छोट्या डोसमध्ये जास्त दिवस देतातही, पण मोजून-मापून, आणि मांजर नीट खात-पीत असेल तरच.

आणि मग तीन-चार आठवड्यांनी येणारा प्रकार, जो सगळ्यात जास्त फसवतो, कारण तोपर्यंत आपण निर्धास्त झालेलो असतो. माझ्या मावसबहिणीचा बोका नाशिकला, १२ वर्षांचा, हीच गोळी, त्याला पहिले १५-१८ दिवस काहीही नाही, वजनपण वाढलं. विसाव्या दिवशी डोळा आणि कान यांच्या मधल्या भागात ओरबाडायला लागला. आधी केस गेले, मग खपल्या, मग रक्त. तिला वाटलं पिसवा, ती पिसवांचं औषध घालत बसली आठवडाभर. तोंड आणि मान इतकं खाजवणं हा या गोळीचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, त्यात डोस कमी करून भागत नाही, गोळी बंदच करावी लागते, आणि कार्बिमाझोल देऊनही उपयोग नाही कारण आत जाऊन तेच होणार. मग ऑपरेशन किंवा कमी आयोडीनचं खास खाणं असे दुसरे रस्ते डॉक्टर सांगतात. (पिसवांवरून आठवलं, कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीच लावू नका, त्यात परमेथ्रिन असतं तेव्हा मांजराला थरथर आणि फिट येतात.)

५) डॉक्टरांना काय पाठवायचं

शुक्रवारी सकाळी मी पहिला मेसेज केला होता, "डॉक्टर ठकीला खूप त्रास होतोय प्लीज कॉल करा". त्यावर ते तरी काय करणार. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन करून एकेक विचारून घेतलं आणि मग जो मेसेज झाला तो हा, कॉपी करून ठेवा आणि आपलं भरा:

"ठकी, मादी, १४ वर्षं, आज ३.१ किलो. थायरॉइडसाठी मेथिमाझोल, चिठ्ठीप्रमाणे अर्धी गोळी सकाळ-रात्र. पहिला डोस सोमवारी रात्री, आतापर्यंत ७ डोस. काल दुपारपासून खाल्लं नाही, पाणी पितेय. काल रात्री ९ ला गोळी, ११ ला उलटी, पहाटे ४ ला परत, दोन्ही वेळा पिवळं पाणी, रक्त नाही. शू झाली, शी परवा. हिरड्या गुलाबी, झोपेत श्वास २४. आजचा डोस दिलेला नाही. बाकी औषध काही नाही, सांध्यांची पावडर खाण्यात घालते. स्ट्रिपचा आणि चिठ्ठीचा फोटो सोबत."

चार मिनिटांत उत्तर आलं: "ही १० ची आहे, मी ५ ची लिहिली होती."

सांध्यांची पावडर, आयुर्वेदिक ड्रॉप्स, कोणी दिलेलं टॉनिक, सगळं लिहा, लाजायचं कारण नाही. आणि वजन लिहाच. घरच्या वजनकाट्यावर आधी आपण एकटे, मग तिला कडेवर घेऊन, दोन्हीतला फरक. शंभर ग्रॅम इकडेतिकडे होईल, चालतं.

६) पोट रिकामं ठेवू नका

माणसाला लंघन चालतं, मांजराला नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, त्यातून मांजर जाडं असेल, तर चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि मूळ दुखण्यापेक्षा हे दुखणं मोठं होतं. म्हातारं मांजर २४ तास काहीच खात नसेल तर फोन, "उद्या खाईल" नाही.

खाणं कोमट करा, वास यायला हवा, नाक चोंदलं असेल किंवा मळमळत असेल तर थंड खाण्याकडे ती बघतपण नाही. चिकन उकडलेलं पाणी, बिनमिठाचं, चमचाभर. कांदा-लसूण त्यात चुकूनही नको, मांजराचं रक्त खराब होतं. ताटली समोर ठेवून बाजूला व्हा, मी ठकीसमोर फतकल मारून "खा गं, खा गं" करत होते, तर ती आणखी आत सरकली. उलट्या चालू असताना सिरिंजने भरवू नका, श्वासनलिकेत जातं. मळमळ थांबवायची इंजेक्शनं डॉक्टरांकडे असतात, ती द्यायची आणि मग ते स्वतःच खातं.

७) घरातला औषधाचा डबा बंद

"ताप आलाय वाटतं, मुलांचं सिरप देऊ का दोन थेंब" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय. नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो, कारण ते पचवून बाहेर टाकायची जी व्यवस्था माणसाच्या लिव्हरमध्ये असते ती मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच. हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. कोणी दिलं असेलच तर लपवू नका, त्यावर उतारा आहे आणि तो लवकर मिळाला तर मांजर वाचतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, आपली ॲसिडिटीची गोळी, हळद-दूध, सगळं राहू दे. मांजराचं अंग तसंही ३८ ते ३९ डिग्री असतं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये शंभर ते एकशेदोन, ते हाताला गरमच लागणार.

८) परत सुरू करायचं असेल तेव्हा

ठकीची गोळी चार दिवस बंद होती. रविवारी ती आपणहून फ्रीजमागून आली आणि माझ्या चहात नाक घातलं. मग ५ एमजीची पाव गोळी दोनदा, असं खालून सुरू केलं आणि हळूहळू वर नेलं. नखाने तुकडे करू नका, केमिस्टकडे गोळी कापायचा छोटा डबा मिळतो, तो घ्या. ही गोळी कापताना हातमोजे, घरात कोणी गरोदर असेल तर तिने हात लावूच नये, वाळूचा ट्रेसुद्धा दुसऱ्या कोणीतरी साफ करावा.

कुठलीही गोळी कोरडी देऊन सोडून द्यायची नाही. मांजराच्या अन्ननलिकेत गोळी अडकून बसते, डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन असेल तर तिथे जखम होऊन नळी आकसते आणि मग मांजर खाल्लेलं सगळं परत बाहेर टाकतं. गोळीनंतर लगेच सिरिंजने ५-६ एमएल पाणी, गालाच्या बाजूने, हळू, किंवा चमचाभर ओलं खाणं. कडू गोळी रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घातली तर फेसाचा प्रश्न मिटतो. आणि तिच्या सगळ्यात लाडक्या खाण्यात गोळी कुस्करू नका, एकदा पकडली गेली की ते खाणं कायमचं बाद. आमचा बांगडा असाच बाद झालाय.

पोटालाच त्रास होत असेल तर हेच औषध कानाच्या आतल्या बाजूला लावायच्या जेलमध्ये बनवून मिळतं का विचारा, त्यात उलट्या कमी होतात. अंगाला खाजेचा त्रास असेल तर मात्र जेलनेही सुटका नाही.

९) तीन आठवड्यांचं रक्त चुकवू नका

मांजर बरं दिसायला लागलं की हे हमखास राहतं. साधारण ३ आणि परत ६ आठवड्यांनी टी-४ (थायरॉइडचा हार्मोन), रक्तपेशी, लिव्हर, क्रिएटिनिन (यावरून किडनी कशी चाललीय ते कळतं), जमलं तर ब्लड प्रेशर. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होणं किंवा लिव्हर बिघडणं हे बाहेरून लवकर दिसतच नाही.

क्रिएटिनिन वाढून आलं की सगळे म्हणतात, "गोळीने किडनी घालवली". तसं नसतं सहसा. थायरॉइड वाढलेलं असतं तेव्हा हृदय जोरात पळत असतं, किडनीला जास्त रक्त मिळतं, आणि मांजर वाळल्यामुळे स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, त्यामुळे आकडा छान दिसतो. थायरॉइड जागेवर आलं की किडनीची खरी अवस्था कागदावर येते. म्हणून डोस इतका ठेवतात की थायरॉइड आवरेल आणि किडनीलाही झेपेल, आणि तो नेमका सापडायला दोन-तीन फेऱ्या जातात.

ठकीचं क्रिएटिनिन दीडवरून २.१ वर गेलं. डॉक्टरांनी डोस तिथेच ठेवला, कोरडे दाणे कमी करून ओलं खाणं वाढवायला सांगितलं, घरात पाण्याच्या तीन वाट्या ठेवल्यात त्यातली ती एकीतही पीत नाही, बादलीतलं पिते. वजन ३ किलो ६०० आहे आता. रात्री ३ चा गळा अजून चालूच आहे, पण एकदा ओरडून झोपते.